काउंटी ‘कमी जोखमीची’, पण घर नेमकं कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत ज्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात) घर घ्यायचं चाललं आहे, ती फेमा या केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या राष्ट्रीय जोखीम निर्देशांकात ‘तुलनेने कमी’ या गटात आहे. घरामागे लहानसा ओढा आहे, पण घर पूररेषेच्या बाहेर असल्याचं एजंटने नकाशावर दाखवलं आहे. मग निर्धास्त राहायचं का? आणि स्वतः तपासायचं तर सुरुवात कुठून करायची?

गेली वीस-बावीस वर्षं मी काउंट्यांसाठी आपत्तींची जोखीम मोजण्याचं काम करतो. आधीच सांगतो, निर्देशांक खोटा नाही. पण तो काउंटीबद्दल बोलतो, आणि तुम्ही राहणार आहात एका विशिष्ट उतारावरच्या, एका विशिष्ट रस्त्याच्या टोकाच्या घरात. या दोन गोष्टींत किती अंतर पडतं, ते मी इतक्या वेळा पाहिलं आहे की उत्तर थोडं लांबलं तरी सविस्तर लिहितो.

तो आकडा येतो कुठून, ते आधी बघू. निर्देशांकात अठरा प्रकारच्या आपत्ती धरल्या आहेत. प्रत्येकीसाठी तीन गोष्टींचा गुणाकार होतो: धोक्याच्या पट्ट्यात किती माणसं, इमारती आणि शेती आहे, ती आपत्ती वर्षाला सरासरी किती वेळा येते, आणि आली की साधारण किती टक्के नुकसान होतं. यातून निघतं वार्षिक अपेक्षित नुकसान, तेही डॉलरमध्ये. प्राणहानीसुद्धा डॉलरमध्येच धरतात. मग तिथली वस्ती किती असुरक्षित आहे आणि संकटातून सावरण्याची तिची ताकद किती आहे, यानुसार हा आकडा वरखाली होतो. शेवटी देशभरातल्या तीन हजारांहून जास्त काउंट्यांच्या रांगेत तुमची काउंटी कुठे उभी आहे, ते दाखवलं जातं.

यात दोन गोम आहेत. पहिली म्हणजे जिथे गमावण्यासारखं जास्त, तिथे आकडा मोठा. लॉस एंजेलिस काउंटी यादीत वरच्या टोकाला असते, त्याला भूकंप आणि वणवे कारण आहेतच, पण एक कोटीच्या आसपासची लोकसंख्या आणि प्रचंड मालमत्ता हेही तेवढंच मोठं कारण आहे. उलट, विरळ वस्तीच्या काउंटीत नदी दर दहा वर्षांनी काठ ओलांडत असली तरी बुडायला फारसं काही नाही म्हणून ती ‘कमी जोखमीची’ ठरू शकते. तिथे तुम्ही नदीकाठी घर घेतलंत तर तुमच्या पदरात पडणारा धोका कमी नसतो.

दुसरी गोम सरासरीची. समजा एका काउंटीत गारपिटीने दरवर्षी एक कोटी डॉलरचं नुकसान होतं, आणि दुसरीत पाचशे वर्षांतून एकदा येणाऱ्या भूकंपाने पाचशे कोटींचं होईल. दोघींच्या खात्यावर वर्षाला एक कोटीच दिसतात. पहिलीत छपराचा विमा घेऊन माणूस निवांत झोपू शकतो. दुसरीत एका सकाळी सगळंच जातं. म्हणून एकत्रित आकडा बघून थांबू नका. प्रत्येक आपत्ती वेगळी उघडून बघा आणि काउंटीऐवजी सेन्सस ट्रॅक्टचा, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या छोट्या विभागांचा, नकाशा लावा. त्याच काउंटीत मध्यम जोखमीचा पिवळा आणि जास्त जोखमीचा लाल शेजारी शेजारी दिसतील.

आता तुमच्या ओढ्याकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत खरा प्रश्न तिथेच आहे.

ज्याला लोक ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणतात, त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. गेल्या वर्षी आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी मिळत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सव्वीस टक्के भरते. म्हणजे जवळजवळ चारात एक. आणि पूररेषा ही अशाच पुराची हद्द दाखवणारी कागदावरची रेघ आहे. रेघेच्या आत एक टक्का आणि एक पाऊल बाहेर शून्य, असं पाणी वागत नाही.

२०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळात टेक्सासच्या हॅरिस काउंटीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं. त्यातली दोन तृतीयांश घरं त्या एक टक्क्याच्या रेषेबाहेरची होती. पाऊस अभूतपूर्व होता हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. त्या नकाशांमागे पावसाचे जे आकडे होते, ते जुने होते. पुढच्याच वर्षी नोआ या केंद्रीय हवामान-समुद्र संस्थेने टेक्सासच्या पावसाचे आकडे नव्याने काढले, तेव्हा ह्यूस्टनसाठी चोवीस तासांचा ‘शंभर-वर्षी’ पाऊस तेरा इंचांवरून अठरा इंचांवर गेला. आभाळ एका वर्षात बदललं नव्हतं, मोजमाप बदललं होतं.

म्हणून एजंटने दाखवलेल्या नकाशावर एक तारीख शोधा. नकाशा लागू झाल्याची तारीख कोपऱ्यात असतेच, पण ती फसवी असू शकते. नकाशा २०१२ चा असेल आणि आतला नदीचा अभ्यास १९८३ चा, असं सर्रास होतं. जुनीच रेघ नव्या पार्श्वभूमीवर उमटवलेली असते. नकाशासोबत फ्लड इन्शुरन्स स्टडी नावाचा अहवाल मिळतो. त्यात कुठल्या ओढ्याचा जलशास्त्रीय अभ्यास कधी झाला ते लिहिलेलं असतं. तो अभ्यास झाल्यानंतर वरच्या अंगाला किती वसाहती, किती पार्किंग लॉट झाले, ते जुन्या आणि नव्या उपग्रहचित्रांवरून ताडून बघा. डांबर आणि छपरं पाणी मुरू देत नाहीत, ते थेट तुमच्या ओढ्यात येतं.

आणखी एक गोष्ट खरेदीदारांना कुणी सांगत नाही. साधारण एक चौरस मैलाहून लहान पाणलोटाचे ओढे बऱ्याचदा या नकाशांत अभ्यासलेलेच नसतात. तिथे रेघ नसते, कारण कुणी काढलेली नसते. तुमच्या घरामागचा ओढा त्यातला आहे का, हे पहिल्यांदा तपासा. रस्त्यावरचं तुंबलेलं पावसाचं पाणी तर या नकाशांचा विषयच नाही.

मी स्वतः हे कसं तपासतो, ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वसाहतीची पाहणी होती. नकाशावर ती पूर्ण स्वच्छ. ओढ्यात घोट्याएवढंही पाणी नव्हतं. पण खालच्या रस्त्याखालची मोरी बघायला उतरलो तर जेमतेम तीन फुटी नळ, आणि त्यातला फूटभर गाळाने भरलेला. वर काटेरी तारेचं कुंपण होतं. त्याच्या वरून दुसऱ्या तारेत वाळकं गवत, काटक्या आणि प्लॅस्टिकची एक पिशवी अडकली होती, सगळी एकाच दिशेला विंचरल्यासारखी. ती तार माझ्या छातीपर्यंत येत होती. म्हणजे नजीकच्या काळात कधीतरी पाणी छातीइतकं चढून तिथून वाहिलं होतं. मोरीला पाणी पेललं नाही की रस्त्याचा भराव धरणासारखा वागतो आणि मागे तळं साचतं. वसाहतीतली शेवटची चार घरं त्या तळ्यात येत होती.

खात्री करायला मी काउंटीच्या रस्तेविभागातल्या एका जुन्या कामगाराला गाठलं. मी त्याला एकच प्रश्न विचारला, जो आता प्रत्येक काउंटीत विचारतो: जोराचा पाऊस आला की तुम्ही पहिला बॅरिकेड कुठे टाकता? त्याने क्षणभरही न थांबता तोच रस्ता सांगितला. गेल्या दहा वर्षांत तिथे तीनदा बॅरिकेड टाकल्याचं त्याला आठवत होतं. हे कुठल्याही नकाशात नव्हतं. रस्तेविभाग, अग्निशमन दलातले जुने लोक, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, यांच्याकडे जी माहिती असते ती मी कुठल्याही मॉडेलपेक्षा आधी ऐकतो.

भूतकाळ तपासताना मात्र सावध राहा. नोआचा वादळांच्या नोंदींचा डेटाबेस काउंटीवार मिळतो आणि तो जरूर बघा. पण १९५० पासून त्यात फक्त टोर्नेडो आहेत, १९५५ पासून गारपीट आणि वादळी वारे आले, आणि पूर, उष्णता, हिमवादळं वगैरे सगळे प्रकार १९९६ पासून. हे माहीत नसलेला माणूस आलेख काढतो आणि १९९६ नंतर काउंटीवर आभाळ कोसळलं असा निष्कर्ष काढतो. शिवाय वस्ती वाढली की नोंदवणारे वाढतात, म्हणून गारपिटीच्या नोंदीही वाढतात.

याहून मोठी चूक म्हणजे तीस वर्षांच्या नोंदींवर समाधान मानणं. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातल्या बंकम काउंटीची दैना केली. समुद्रापासून शेकडो मैल दूर, डोंगरातलं अ‍ॅशव्हिल. हवामानबदलापासून सुरक्षित जागा म्हणून लोक तिथे राहायला जात होते. पण १९१६ च्या जुलैत तिथे फ्रेंच ब्रॉड नदीला प्रचंड पूर आला होता, पाणी तेवीस फुटांच्या वर चढलं होतं. हेलीनमध्ये ते साडेचोवीस फुटांच्या पुढे गेलं. तीच नदी आणि तोच सखल भाग. मधल्या एकशे आठ वर्षांत तिथे दुकानं, स्टुडिओ, गोदामं उभी राहिली होती. टेक्सासच्या ग्वाडलूपे नदीवर १९८७ च्या जुलैत शिबिरातून मुलांना बाहेर काढताना पुरात दहा मुलं गेली. २०२५ च्या ४ जुलैच्या पहाटे त्याच नदीने वरच्या अंगाला केर काउंटीत शंभराहून जास्त माणसं नेली, त्यात शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. हे लिहितानाही हात जड होतो. म्हणून काउंटीच्या ग्रंथालयात जा, जुनी वर्तमानपत्रं चाळा, पुलाच्या खांबांवर आणि जुन्या गिरण्यांच्या भिंतींवर पूरखुणा शोधा. यूएसजीएस या केंद्रीय भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या जलमापन केंद्रांवर दर वर्षीचा सर्वोच्च प्रवाह मिळतो. केंद्र कधी सुरू झालं तेही बघा, कारण सगळ्यात मोठा पूर त्याआधीचा असू शकतो.

यानंतरचा दस्तऐवज माझ्या सगळ्यात आवडीचा. २००० च्या डिझास्टर मिटिगेशन अ‍ॅक्टमुळे फेमाकडून निवारणाचा निधी हवा असेल तर काउंटीला स्वतःचा आपत्ती-निवारण आराखडा करावा लागतो आणि दर पाच वर्षांनी तो नवा करावा लागतो. बहुतेक काउंट्या तो खुला ठेवतात. चारशे-पाचशे पानं असतात, पण सुरुवातीची वर्णनं सोडून सरळ मागच्या तक्त्याकडे जा, जिथे प्रस्तावित कामं दिलेली असतात. कुठला पूल उंच करायचा आहे, कुठल्या मोरीचा नळ मोठा करायचा आहे, कुठल्या पंपघराला जनरेटर हवा आहे. अधिकाऱ्यांना खरी काळजी कशाची आहे, ते तिथे कळतं. मग मागचा आराखडा मिळवून दोन्ही शेजारी ठेवा. पाच वर्षांपूर्वीचं काम याही वेळी ‘पुढे ढकलले’ म्हणून आलं असेल, तर त्या ठिकाणावर बोट ठेवून विचारा की इथे राहणाऱ्यांचं काय. वारंवार बुडणाऱ्या मालमत्तांची गावनिहाय संख्याही त्यात असते. पत्ते गोपनीय असतात, पण एखाद्या घरावर पूर्वी पूरविम्याचे दावे झाले का, हे सध्याचा मालक फेमाकडून मागवू शकतो. विकणाऱ्याला तो कागद मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे.

तुमच्या भागात झाडी किंवा गवताळ मोकळी रानं असतील तर वणव्याचं प्रकरण वेगळं वाचा. पूर निदान उतार पाळतो. आग वाऱ्याचं ऐकते. २०१८ च्या ८ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत सकाळी साडेसहाच्या सुमारास लागलेली आग दीडेक तासात पॅराडाइज गावात पोहोचली. ८५ माणसं गेली, अठरा हजारांहून जास्त बांधकामं जळाली. गाव डोंगराच्या सोंडेवर, आणि बाहेर पडायला मोजकेच रस्ते. दहा वर्षांपूर्वी, २००८ च्या वणव्यातही तिथे गाव रिकामं करताना रस्ते तुंबले होते. म्हणजे इशारा मिळाला होता. आणि आग फक्त जंगलालगतच लागते असंही नाही. कोलोरॅडोच्या बोल्डर काउंटीत २०२१ च्या ३० डिसेंबरला, ऐन हिवाळ्यात, ताशी शंभर मैलांच्या झोतांनी गवतातली आग थेट उपनगरांत आणली आणि हजाराहून जास्त घरं गेली.

बहुतेक घरं पुढ्यात आलेल्या ज्वाळांनी पेटत नाहीत, दुरून उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून घर बघायला जाल तेव्हा वर बघा: छपराच्या पन्हळीत सुकी पानं साचलीत का, पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी आहे का, भिंतीला टेकून लाकडाचा ढीग किंवा झुडुपं आहेत का. भिंतीपासूनचे पहिले पाच फूट सगळ्यात महत्त्वाचे. मग गाडीत बसा आणि बाहेर पडायचे सगळे रस्ते प्रत्यक्ष चालवून बघा, शाळा सुटायच्या वेळी. दोन रस्ते असतील पण दोन्ही पुढे जाऊन एकाच पुलावरून जात असतील, तर तो एकच रस्ता धरायचा.

एका आपत्तीच्या मागून दुसरी येते, हे तर निर्देशांक दाखवतच नाही. तो प्रत्येक धोका सुटा मोजतो. २०१७ च्या डिसेंबरात सांता बार्बरा काउंटीतले डोंगर वणव्यात जळाले, आणि २०१८ च्या ९ जानेवारीच्या पहाटे थोड्या वेळाच्या जोरदार पावसात त्याच उघड्या उतारांवरून दगड-चिखलाचा लोंढा माँटेसिटोत घुसला. २३ माणसं गेली. वर डोंगर असेल आणि तो जळालेला असेल, तर पुढची काही वर्षं पूररेषेचा नकाशा बाजूला ठेवा.

धरणांचंही तसंच. अमेरिकेत नव्वद हजारांवर धरणांची राष्ट्रीय नोंद आहे. त्यात ‘हाय हॅझर्ड’ असं लिहिलेलं दिसलं तर ते धरण मोडकळीला आलंय असा अर्थ होत नाही. ते फुटलं तर खाली माणसं मरतील, असा होतो. धरणाची अवस्था हा वेगळा रकाना आहे. तोही बघा, आणि धरण दुसऱ्या काउंटीत असलं तरी बघा. २०२० च्या मे महिन्यात मिशिगनमधलं इडनव्हिल धरण फुटलं. त्याचा वीजनिर्मितीचा परवाना केंद्रीय नियामकाने २०१८ मध्येच काढून घेतला होता, कारण मोठा पूर वाहून नेण्याची सोय पुरी नव्हती. सुदैवाने वेळेत माणसं हलवली गेली.

भूकंपाबद्दल थोडक्यात. यूएसजीएसचा नकाशा बघा, पण तुमच्या घरासाठी माती जास्त बोलकी असते. नदीकाठची सैल वाळू किंवा भराव टाकून केलेली जमीन हादऱ्यात पाण्यासारखी वागू शकते. टोर्नेडोचा धोका एकाच गावात घरागणिक फारसा बदलत नाही. फरक पडतो तो तळघर किंवा मजबूत आसराखोली आहे की नाही, यानेच. उष्णतेला लोक आपत्ती मानतच नाहीत, कारण ती भिंती पाडत नाही. पण १९९५ च्या जुलैत शिकागोत काही दिवसांत सातशेवर माणसं गेली, आणि २०२३ या एका वर्षात अ‍ॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. घरात वयस्कर आईवडील येऊन राहणार असतील तर वीज गेल्यावर ते घर किती तापतं, हा प्रश्न गारपिटीच्या आधी विचारा.

पाणी आणि वीज यांचाही हिशेब करा. अ‍ॅशव्हिलमध्ये ज्यांच्या घराला पुराचा थेंब लागला नाही, त्यांच्याही नळाला पिण्यायोग्य पाणी यायला ५३ दिवस लागले. धरणाकडून शहराकडे येणाऱ्या मुख्य वाहिन्या वाहून गेल्या होत्या. २००४ च्या पुरातही त्या तुटल्या होत्या आणि त्यानंतर खोल गाडून टाकलेली पर्यायी वाहिनीही या वेळी गेली. तुमचं पाणी कुठून येतं, किती वाहिन्यांतून येतं, एवढं जलविभागाला विचारायला एक फोन पुरतो.

विम्याचं म्हणाल तर घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरलेला नसतो, भूकंपही नसतो. राष्ट्रीय पूरविमा घराला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरपर्यंत संरक्षण देतो, साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, आणि तळघरातल्या सजावटीला व सामानाला जवळजवळ काहीच देत नाही. तुमच्या घराला तळघर असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा. रेषेबाहेर असल्यामुळे बँक बहुधा पूरविमा मागणार नाही. तरीही दर मागवा. हा दर आता घराची उंची, पाण्यापासूनचं अंतर वगैरे धरून काढतात, त्यामुळे तो आकडा तुमच्या घराबद्दल काउंटीच्या रंगापेक्षा जास्त सांगतो. वादळ-गारपिटीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, डॉलरमध्ये आहे की टक्क्यांत, तेही विचारा.

तुमच्या जागी मी असतो तर ऑफर देण्याआधी तीन कामं उरकली असती. पहिलं, घराच्या जोत्याची उंची आणि ओढ्याच्या काठाची उंची यांतला फरक सर्व्हेयरकडून मोजून घेतला असता. हवाई लेसरने केलेल्या उंचीच्या नकाशावरून अंदाज येतो, पण घराच्या बाबतीत फूटभराची चूकही महाग पडते. दुसरं, रस्तेविभागाला फोन करून बॅरिकेडचा प्रश्न. आणि तिसरं, पुढचा जोराचा पाऊस लागेल त्या दिवशी तिथे गेलो असतो, उजेडात, आणि लांब उंचावर गाडी लावून ओढ्यावरच्या मोरीकडे बघत उभा राहिलो असतो. पाणी नळातून सुटसुटीत जात असेल तर ठीक. नळाच्या तोंडाशी ते फिरायला, चढायला लागलेलं दिसलं, तर मागे वळून घराच्या मागच्या दाराची पायरी किती उंच आहे ते बघा. आणि मोरीचा नळ किती इंची आहे, शेवटचा कधी साफ केला, हे मला कळवा. पाणलोटाचं क्षेत्रफळ काढून तो पुरेल का, हे मी तुम्हाला आकड्यानिशी सांगेन.